आठ आवर्तनं ट्रँगल

३ मार्च, सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही. निदान माझ्या हयातीत.
ऑर्केस्ट्रात ट्रँगल, म्हणजे तो लोखंडी सळीचा त्रिकोण, वाजवायला लागून अकरा वर्षं झाली. दर कार्यक्रमाच्या शेवटी तो जुना वॉल्ट्झ. त्यात ट्रँगल एकदाच. एकशे बारा आवर्तनं मोजत उभं राहायचं आणि टिंग. लोक हसतात. हसा लेको, पण एकदा मोजून दाखवा. अकरा वर्षांत मोजण्यात एकदाही चुकलो नाही.
वडील, म्हणजे अप्पा, दर कार्यक्रमाला येतात. नेमकी त्या टिंगच्या वेळी त्यांना डुलकी लागते. घरी आल्यावर विचारतात, आज वाजवलंस का? दर वेळी हेच. परवा ब्याऐंशी पूर्ण झाली. त्यांनी मला एकदा तरी ऐकायला हवं. बस्स, एवढंच.

६ मार्च
संधी! हॉर्नवाले दोघंही सोडून गेले. एकाची बदली झाली, एकाचे दात पडले. आमचे कंडक्टर मास्तर म्हणाले, हॉर्नचे सूर बाकीच्यांत वाटा आणि वॉल्ट्झच्या सगळ्यांच्या प्रती नव्याने लिहून काढा. मलाच सांगितलं, कारण मी नकाशे काढणारा, अक्षर मोत्यासारखं. वर म्हणाले, फक्त उतरवा, डोकं चालवू नका.
डोकं आहे तर चालणारच.

९ मार्च, रविवार
दिवसभर टेबलावर. जेवण दोनदा गार झालं. मूळ वॉल्ट्झ तसा बरा आहे, पण पसरट. फ्लूटच्या गिरक्या छाटल्या. ट्रंबोनला झकास चढती सुरावट दिली. मधे थोडं मार्चिंग घातलं, अंगात जरा जोम येतो. शेवट फारच मिळमिळीत होता, लोक आधीच चपला शोधायला लागतात. म्हणून आधी धडाक्यात खोटा शेवट. मग पाच सेकंद शांतता. मग एकटा ट्रँगल, सोळा आवर्तनं. मग खरा शेवट.
ही म्हणाली, संगीतकाराला चालेल का? अगं, तो वारून शंभरावर वर्षं झाली. हरकत घेणार कोण?

१३ मार्च. तालीम.
फ्लूटवाल्या बाई दातांच्या डॉक्टर आहेत. म्हणाल्या, गिरक्या परत आल्या नाहीत तर तुमची पुढची दाढ भूल न देता काढीन. ट्रंबोनवाला पोस्टमन मात्र खूश. इतका खूश की थांबेचना. मार्चिंगमध्ये अर्धे वॉल्ट्झच्या तीन मात्रांत चालले, अर्धे मार्चच्या दोनात. मास्तरांनी छडी खाली ठेवली आणि विचारलं, हे कुणी केलं? सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.
असा मान अकरा वर्षांत मिळाला नव्हता.

१४ मार्च
मास्तरांची लाल पेन्सिल चालली. मार्चिंग गेलं. गिरक्या परत आल्या. पोस्टमनची सुरावट गेली, तेव्हापासून तो आमची पत्रं फाटकाबाहेर टाकतोय. पेन्सिल ट्रँगलपाशी आली तेव्हा अप्पांचं सांगून टाकलं. सांगायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून. मास्तर बराच वेळ चष्मा पुसत बसले. खोटा शेवट ठेवला, ट्रँगलही ठेवला. सोळाची आठ केली. एवढंच म्हणाले, त्या शांततेत लोक टाळ्या वाजवतील हो. मी म्हटलं, आपले श्रोते जाणकार आहेत.

१८ मार्च
निश्चय: रोज एक तास सराव. काही झालं तरी.

१९ मार्च
सराव वीस मिनिटं. शेजारीण तीनदा आपलं दार उघडून बघून गेली. तिला वाटलं, बेल वाजतेय.

२१ मार्च
सराव नाही. मनगट जपायला हवं.

२९ मार्च, दुपारी २
आज साडेपाचला कार्यक्रम. अप्पांना आत्ताच झोपवलंय, म्हणजे तिकडे झोपायला नकोत. शेवटाच्या जरा आधी हिने त्यांना कोपराने ढोसायचं, असं ठरलंय. आता काही चुकणं शक्यच नाही.

३० मार्च
लिहावंसं वाटत नाही.
खोटा शेवट दणक्यात झाला. शांतता. मी ट्रँगल उचलला. एक, दोन, तीन... आणि तिसऱ्या रांगेतून टाळी. एकट्याचीच, कडकडीत. अप्पा! टक्क जागे, वर उभे राहिलेले. मग अख्खं सभागृह उठलं. मास्तर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग वळून लोकांपुढे वाकले. सगळा ऑर्केस्ट्रा उभा राहिला. मी उभाच होतो, न वाजलेला ट्रँगल हातात धरून.
घरी आल्यावर अप्पांनी विचारलं, आज वाजवलंस का? म्हटलं, वाजवलं की, चांगली आठ आवर्तनं. अप्पांनी कानात करंगळी घालून हलवली. मग म्हणाले, मी तर जागा होतो रे. म्हणजे माझे कानच गेले.
वय झालंय त्यांचं. होतं असं.

१ एप्रिल
अप्पा रेडिओ कानाला लावून बसतात. बंद करतात, परत लावतात. नीट जेवत नाहीत. ही म्हणाली, कान गेले असतील तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. म्हटलं, उगाच कशाला त्यांना दगदग. हिने तोवर नंबर लावलासुद्धा. हिला सगळं माहीत आहे. तिथेच तर बसली होती.

३ एप्रिल
कानाच्या डॉक्टरांनी एक लोखंडी चिमटा कानाजवळ धरून वाजवला. टिंग. अप्पा म्हणाले, आलं ऐकू. खोलीच्या टोकाला जाऊन वाजवला. आलं. दाराबाहेरून वाजवला. आलं. अप्पांचा चेहरा असा खुलला की मला तिथे बसवेना. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत, पन्नाशीच्या माणसाचेही असे नसतात.
घरी आल्यावर दारात चपला काढताना अप्पा म्हणाले, आता सांग. वाजवलं होतंस का?
पहिली टाळी कुणी वाजवली, ते अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.
म्हटलं, नाही अप्पा. मोजण्यात चुकलो.
अप्पांनी चपला नीट जागेवर ठेवल्या. म्हणाले, अकरा वर्षं तेवढं एकच तर काम होतं तुला.