आईची ओळ

मंगळवार, १२ नोव्हेंबर

राग अजून गेलेला नाही. लग्नानंतरच्या खर्चाचा अंदाज काढायला आज मी आणि निखिल कॉलेज रोडच्या कॅफेत बसलो होतो. त्याच्या लॅपटॉपवर फ्लॅटचा हप्ता, किराणा, त्याच्या आईबाबांना दरमहा दहा हजार असं सगळं लिहून झालं. खाली मी एक ओळ टाकली, माझ्या आईला सहा हजार.

त्याने ती पुसली. माझ्यादेखत, हसत.

"अगं, लग्नानंतर माहेरी कसे देणार?"

"माझ्या पगारातून देणार आहे."

"आता तुझा-माझा पगार असं राहणार आहे का?"

मग त्याच्या आईबाबांची ओळ कशी राहिली? बाबा गेल्यावर आईने ब्लाउज शिवून मला इंजिनिअर केलं, हे त्याला माहीत आहे. तरी पुसली! आणि मी तिथेच का नाही भांडले? कॉफी संपवून मुकाट्याने का उठले?

घरी आल्यावर फोन केला. म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीवरून?"

"एवढीशीच होती, तर राहू द्यायची होतीस," म्हटलं आणि फोन ठेवला.

आईला सांगितलं, रविवारी पैठणी घ्यायला येवल्याला जायचं नाही. ती का म्हणून विचारतेय. तिला काय सांगू?