शिंपीणबाईंकडचं माप

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (हलकेच घातला आहे, कपाळ फरशीवर वाजू दिलेलं नाही). तुझी तब्येत बरी असेलच. भावोजींचा खोकला थांबला का? नसेल तर स्पष्ट कळव, म्हणजे तुमच्याकडे यायचं की नाही ते ठरवता येईल.

माझ्या कानांचं तुला ठाऊकच आहे. चमचा फरशीवर पडला की माझ्या दाढेत कळ येते. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, जरा जास्तच चांगले (हे त्यांनी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, असा मला दाट संशय आहे). दुकानात तर उघड कट चालू आहे. घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग मी चिमट्यात धरली, की शेजारचा पत्रेवाला नेमका तेव्हाच हातोडा हाणतो आणि स्प्रिंग उडून जाते. परवा मी उठून त्याच्या दारात नुसता उभा राहिलो, तर त्याने मुकाट्याने हातोडा खाली ठेवला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

घरी मात्र मी चोख बंदोबस्त केला होता. खुर्च्यांच्या पायांत मोजे घातले, स्टीलचे चमचे माळ्यावर टाकले आणि कन्येला शिंका गच्चीत जाऊन द्यायला सांगितल्या. सुरुवातीला तुझी भावजय कुरकुरली. पण गेले दोन महिने घरात चिडीचूप. एवढी शांतता बरी नव्हे, ताई! त्यात रोज पाचच्या ठोक्याला मायलेकी एक फुगलेली पिशवी घेऊन वरच्या शिंपीणबाईंकडे जायच्या. विचारलं तर म्हणे, माप द्यायला. दोन महिने माप देऊन एक रुमालसुद्धा शिवून आलेला नाही! पाणी कुठेतरी मुरत होतं.

काल मी अनवाणी जिना चढलो. बंद दाराआड रेडिओ ठणाणत होता, कन्या टणाटण उड्या मारत होती आणि स्टीलचे चमचे (माळ्यावरचेच, आवाजावरून ओळखले) ताटल्यांवर वाजत होते. तुझी भावजय माझी नक्कल करत होती. "शूऽऽ! हळू श्वास घ्या!" आणि मग ती हसली. लग्न ठरताना ज्या हसण्याला तू 'भांड्यांची मांडणी कोसळली' म्हणाली होतीस, तेच. दोन वर्षांत ते मी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. कान ठणकले, पण मी बोटं घातली नाहीत. मग खाली येऊन बसलो. जेवताना तिने ताट माझ्यापुढे निजलेलं मूल ठेवावं तसं ठेवलं. मला रडूच आलं. मी मिरचीवर ढकललं.

बाकी सर्व ठीक. लहानांना (लांबूनच) आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. तू आठवडाभर राहायला ये. पाहुणीला एकटं टाकून दोघींना वर जाता येणार नाही, हसायचं ते घरातच हसावं लागेल. मी बोलावलं हे मात्र सांगू नकोस.

आणखी ता. क. ताई, पत्र टाकायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून वाचलं. काल दाराखालच्या फटीतून यांची पावलं दिसली, तेव्हाच मी नक्कल सुरू केली. यांनी आत यावं म्हणून घसा बसेपर्यंत हसलो आम्ही, पण हा माणूस दार वाजवेल तर शपथ! तुम्ही जरूर या. तोवर मी रोज पाचला शिंपीणबाईंचं दार उघडंच ठेवते.