सातव्या दिवसाचं रक्त

३ मार्च, मंगळवार
डोकं फिरलंय नुसतं! रक्ताच्या कॅन्सरपायी धाकट्या भावाला माझ्या मूलपेशी चढवून आज सातवा दिवस. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या रक्ताचे आकडे दाखवले. दोन प्रथिनं मोजतात म्हणे. ती चढली की समजायचं – माणूस वरून ठणठणीत दिसला तरी आत माझ्या पेशी त्याच्या आतड्यांवर उठायच्या बेतात आहेत. त्याची चढलीत. चांगलीच.
"लक्षणांची वाट बघायला नको, औषध आत्ताच सुरू करू. पण हा संशोधनाचा भाग आहे, सक्ती नाही. सही लागेल."
यात विचार कसला करायचाय? द्या सही!

४ मार्च
सही नाही! भावजय बाहेर येऊन म्हणाली, "वन्सं, आम्ही नको म्हणून सांगितलं. बरे आहेत ते."
बरे आहेत! "तू कधीपासून डॉक्टर झालीस गं?" मान खाली. ती खाली घातलेली मान बघूनच तिडीक येते.

७ मार्च
काचेपलीकडून धाकटा फोनवर, "ताई, तुझ्या पेशी माझ्याशी भांडणार म्हणे. तुझ्याच त्या! भांडल्या नाहीत तरच नवल." हसले. मग जिन्यात जाऊन भिंतीवर मूठ आपटली. अजून दुखतेय.

१२ मार्च, गुरुवार
धाकट्याचे तळहात लालभडक. दुपारपर्यंत अकरा जुलाब – नर्सने मोजलेत. आता भारी डोस, आता धावपळ. नऊ दिवस! रक्त नऊ दिवस आधी ओरडून सांगत होतं!
भावजयीला सगळ्यांदेखत झाडलं. "तुझ्या अडाणीपणापायी माझा भाऊ जाईल." आणखीही बरंच. नाही नाही ते. थोड्या वेळाने तिनेच चहा आणून ठेवला माझ्यापुढे. मी शिवलेसुद्धा नाही.

१३ मार्च
जुलाबातून रक्त पडतंय. पेशी द्यायला चार तास यंत्राला हात अडकवून बसले ते याच्यासाठी? माझंच रक्त आणि वैऱ्यासारखं वागतंय.

२१ मार्च
जुलाब दोनवर आले. आकडेही उतरले. भावजय रडली. मी पाठ फिरवली. आकडे उतरले असतील, माझा राग नाही.

२३ मार्च
आज मला आत सोडलं. मी भावजयीचं नाव काढलं मात्र, धाकटा म्हणाला, "ताई, नकार माझा होता. ती पाया पडत होती माझ्या, सही करा म्हणून."
"का रे?"
"त्या औषधाने कॅन्सरशी लढणाऱ्या तुझ्या पेशी दबल्या आणि आजार उलटला तर? भ्यालो. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली तिला. तुझा राग मला झेपला नसता."
ती बाहेर बाकावर बसलीय. दार चार पावलांवर आहे. तासभर झाला – मला उठवत नाहीये.