डब्यातले काका

३ मे १९५६, दरेकसा

सौ., वसू आणि बेबी सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाहून आली. दोन पेट्या, वळकटी, लोणच्याची बरणी आणि पाटा. वरवंटा घरीच राहिला. वसूला शाळेची सुट्टी, म्हणून तीन आठवडे सगळे इथे, सायडिंगला उभ्या असलेल्या माझ्या डब्यात. लांबी अकरा पावलं, रुंदी चार. पुलांच्या कामासाठी मिळालेला. इतके दिवस त्यात मी, चूल आणि हत्यारं.

बेबीने वाकून चाकं पाहिली. "हे घर चालते?"

चालतं, म्हटलं.

"मंग चालवा."

४ मे

दहा वाजताच डब्याची भट्टी. खिडक्यांना ओली पोती बांधली, तासाभरात वाळली. मी पुलावर, ही तिघं आत. संध्याकाळी आलो तर सौ. वैतागलेली. गजगे खेळून झाले, भेंड्या झाल्या, चिंधीच्या बाहुलीचं लग्न दोनदा लागलं. "आता उद्या काय करू ते तुम्हीच सांगा."

मालगाडीची एकी-बेकी सुचवली. गाडी येताना प्रत्येकाने बोलायचं, डबे एकी की बेकी. मग मोजायचे. हरेल त्याने हापशावरून पाणी आणायचं. पहिल्याच गाडीला मी हरलो.

५ मे

वसू डब्यांवरची अक्षरं वाचून गाडी कुठली ते सांगतो. बेबीला वीसपर्यंतच येतं, त्यापुढे ती पुन्हा एकपासून धरते आणि तरी जिंकते. सौ.सुद्धा पदर खोचून दारात उभी राहते. मी पाहतोय हे तिला कळलं की आत जाते.

"काका, गाडी येऊन राहिली" ही आता दिवसभराची हाक. वसूही मला काकाच म्हणतो. गोंदियाला दादाच्या घरी सगळी पोरं एकत्र, त्याची पाच नि माझी दोन. त्याची मला काका म्हणतात म्हणून माझीही. दादा सगळ्यांचा बाबा. बऱ्याच घरांत असतं असं.

७ मे

गँगमनची बायको चारं, म्हणजे चारोळीची फळं, घेऊन आली होती. काळीभोर, गोड. तिने बेबीला विचारलं, "बापाजवर आली का वं बाई?"

बेबी म्हणाली, "नाई. माजे बाबा गोंदियालेच आहेत. आमी काकाच्या घरी आलो."

सगळे हसले. मीही. मग पाहिलं तर पोरगी हसत नव्हती. तिने खरंच सांगितलं होतं.

साडेचार वर्षांची आहे. तिच्या जन्माच्या आधीपासून मी लाइनवर. दिवाळीला दोन दिवस, मधे कधी एखादा. येतो तेव्हा ती झोपलेली, जातो तेव्हा झोपलेली. माझंच चुकलं. पण...

८ मे

सौ. म्हणते, "सांगून टाका न. कायले मनात ठेवता?"

मी नको म्हटलं. वसूलाही दम दिला. शिकवून म्हणवलेलं मला नको. तिचं तिला कळू दे. तीन आठवडे पुष्कळ झाले.

(पुष्कळ झाले का?)

१० मे

आज एक गंमत केली. बेबीला सायडिंगच्या एका टोकाला सौ.जवळ बसवलं, कान रुळाला. मी दूर गेलो आणि हातोड्याने रुळावर एकच ठोका दिला. दुरून पाहिलं, पोरगी दचकून उठली. पुन्हा कान लावला. पुन्हा उठली. मग धावतच आली.

"काका, तुमी एकदा मारलं, मले दोनदा आलं."

एक लोखंडातून, एक हवेतून. लोखंडातला आधी पोचतो. हे मला कधीपासून माहीत आहे. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मलाच ते नव्याने कळलं. खरंच की, एक ठोका आणि दोनदा पोचतो. वीसेक वेळा मारायला लावला. हात दुखतोय.

१३ मे

रविवार. सगळे बोगद्याच्या तोंडाशी गेलो. आत नाही, बाहेरूनच. गार वारा येतो आतून, भर मेमध्ये अंगावर काटा. सौ.ने नकळत हात जोडले. पलीकडचं तोंड पैशाएवढं दिसतं. एवढा डोंगर माणसांनी हाताने पोखरला. मी रोज पाहतो आणि रोज विसरतो.

वसूने आपलं नाव ओरडलं. बेबीने ओरडलं, "काका!" आतून लांबलचक काका, काका आलं.

ती म्हणाली, "बोगद्यालेही तुमी काका लागता?"

१५ मे

चढावर कोळशाची मालगाडी, पुढे इंजिन, मागून ढकलायला दुसरं. डबा हादरला, ताटं वाजली. बेबी माझ्या पायाला चिकटली. भीतीने नाही. गाडी गेल्यावर म्हणाली, "मागच्याले रस्ता दिसत नाई. तरी ढकलते."

एकीबेकी मोजायची सगळेच विसरलो.

१८ मे

पुलाचा जुना गर्डर काढून सायडिंगशेजारी ठेवलाय, त्याच्या जोडांतले रिबिटाचे खिळे तपासत होतो. एका बाजूने बारीक हातोडी मारायची, दुसऱ्या बाजूला बोट ठेवायचं. ढिला असेल तर बोटाला कळतं. बेबी म्हणाली, मी बोट ठेवतो. (वसूचं ऐकून मुलासारखी बोलते.) ठेवू दिलं.

तिसऱ्या ओळीत म्हणाली, "हा हालते."

मी म्हटलं नाही हलत, तो पक्का आहे, मघाशी पाहिला.

"हालते न."

पुन्हा पाहिलं. हलत होता. केसाएवढा, पण हलत होता. अकरा वर्षं या कामात आहे आणि तो माझ्या बोटाखालून निसटला होता. खडूने खूण केली, खडू तिच्याच हातात दिला. ही पोर माझी आहे हे मला तिथे जितकं वाटलं तितकं कधीच वाटलं नव्हतं. तोंडाशी आलं होतं. पुढच्या रिबिटावर हातोडी मारली.

२१ मे

हुकूम आला. सत्तावीसला डबा मालगाडीला जोडून महानदीकडे. मोठा पूल. दोन वर्षं तरी.

२२ मे

सौ.शी वाजलं. "तुमच्या हट्टापायी पोरगी दोन वर्सं तुमाले काका समजेल. बाप असून पाव्हण्यासारखे काऊन बसले?"

पातळभाजी आळणी आहे म्हणालो. ती आणखी चिडली. भाजी आळणी नव्हती.

२३ मे

दिवसभर बेबी पाठीमागे. हत्यारांची नावं पाठ केली. सगळी बरोबर. पाना, पहार, छिन्नी, घण. प्रत्येकाच्या मागे "हे काकाचं". मी ऐकत राहिलो. छान वाटत होतं आणि बरं वाटत नव्हतं.

२५ मे

दादा न्यायला आला, सोबत त्याची धाकटी नली. सहा वर्षांची. नली उतरल्याबरोबर "काका" करत येऊन बिलगली. नेहमीसारखीच.

बेबीने तिला ओढून बाजूला केलं. "हे माजे काका आहेत. तुजे नाई."

"माजेच आहेत," नली म्हणाली. "तुजे कुठून काका? तुजे तं बाप आहेत ते. आई सांगते."

वसूने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं नाही, असं तो डोळ्यांनीच म्हणाला. सौ. दारात थांबली.

बेबी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "खरं?"

हो म्हटलं.

तिने विचार केला. मग दादाकडे बोट करून मला विचारलं, "मंग ते बाबा कोन आहेत?"

दादा वळकटीची दोरी आवळत होता. आवळलेलीच होती ती, पुन्हा आवळली. त्याने वर पाहिलं नाही. मी तीन आठवडे वाट पाहिली त्या क्षणाची आणि त्या क्षणी मला दादाच दिसत होता. हिच्या गोवराचं आजारपण त्याने काढलं. खांद्यावर बसवून बाजार दाखवला. त्याचं मी कधी मनातही आणलं नव्हतं.

शेवटी दादाच बोलला. "चाल बेबी, गाडी येऊन राहिली." ती गेली. बोट धरलं की नाही ते फलाटावरच्या गर्दीत दिसलं नाही.

२७ मे

डबा जोडला. चाललो. पोती अजून खिडकीला. पाटा सौ. विसरली की मुद्दाम ठेवून गेली, कळत नाही.

४ जून, महानदीकाठ

पूल पाहिला. वाळूच वाळू, त्यात खांबांची रांग, शेवट दिसत नाही. पहिल्या दिवशी कामाला हात लावावासा वाटला नाही, नुसता बघत बसलो. बेबीने इथे काय विचारलं असतं, हेच डोक्यात.

१९ जून

वसूचं कार्ड. अक्षर सुधारलंय. पाऊस झाला, धानाचे परे टाकले, शाळा उघडतेय. पुढे लिहितो, "बेबी आता बाबांना बाबा म्हणत नाही. काही हवं असलं की त्यांच्या धोतराचं टोक ओढते. तुमची गोष्ट निघाली की गप्प बसते. आम्ही विचारलं, कोणाला काय म्हणशील. तर म्हणते, विचार करून राहिली."

माझ्या नि दादाच्या, दोघांच्याही हाका गेल्या.

खाली दादाच्या हातची एक ओळ. "तुझी पोर ठीक आहे." आजवर तो "पोरं ठीक आहेत" एवढंच लिहायचा. सात जणांचं मिळून एकच. हा "तुझी" त्याने पहिल्यांदा लिहिला. किती वेळा वाचली ती ओळ. रागाने लिहिली नाही, हे अक्षरावरून कळतं. रागाने लिहिली असती तर सोपं गेलं असतं.

२० जून

जेवणाच्या सुट्टीत उत्तर लिहायला बसलो. बापाला तीर्थरूप लिहितात, मोठ्या भावाला तीर्थस्वरूप. आमचे वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा, दादा सतराचा. लिहिता येऊ लागलं तेव्हापासून मी त्याला तीर्थरूपच लिहीत आलो. शाळेत मास्तरांनी चूक म्हणून खोडलं होतं, तरी लिहिलं.

आजही तेच लिहिलं. तीर्थरूप दादास. त्यापुढे अजून काही लिहिलेलं नाही. भोंगा झाला, पुलावर जातो.