तीनबोटीची वाट

मी, प्राणिशास्त्राची निवृत्त शिक्षिका, अविवाहित, डोके ठिकाणावर असताना (माझ्या धाकट्या भावाचे मत वेगळे आहे) आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहिते. आधीची सर्व रद्द समजावीत. लिहिताना मी सारखी उठून मागच्या दाराशी जाते आहे, तेव्हा अक्षर वेडेवाकडे आले तर तो हाताचा दोष नाही.

१. दुर्बीण आणि रानातल्या पाऊलठशांचे प्लास्टरचे साचे भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. तिने ते आईपासून जपावेत.

२. मागच्या दाराबाहेर मी रोज संध्याकाळी चाळलेली माती सपाट पसरते. रानातून कोण आले-गेले ते तीवर कळते. भावजयीने एकदा ती सगळी झाडून काढली, वर म्हणाली, "किती धूळ साठू दिलीत, वन्सं." घरातले सर्व झाडू तिला द्यावेत.

३. राहते घर. तीनबोटी ही रानमांजरी कुंपणाखालच्या फटीतून ये-जा करायची. सापळ्यात तिच्या डाव्या पंजाचे एक बोट गेले होते, म्हणून ठशात चाराऐवजी तीनच बोटे उमटतात. तिच्या नातवंडांपर्यंतचा अभ्यास मी याच दारात बसून केला. पावसाळा संपल्यापासून ती आलेली नाही. भावाला तिथे भिंत घालायची आहे.

"ताई, ती मेली असणार. कशाला जीव टांगणीला लावून बसतेस?"

मेलेली मी पाहिलेली नाही आणि न पाहिलेले मी लिहीत नाही. पण जीव टांगणीला लागला आहे, हे खरे.

म्हणून अट अशी: सही होण्यापूर्वी तिचे पाऊल दिसले, तर घर भाचीला, फट कायम मोकळी ठेवण्याच्या बोलीवर. न दिसल्यास घर भावाला, भिंतीच्या मुभेसह. त्यापायी मी सही पुढे ढकलत आले. डॉक्टर म्हणतात, आता ढकलू नका.

४. पुरवणी. आज संध्याकाळी दोघे साक्षीदार, डॉक्टर आणि शेजारी, मागच्या दाराने आले, तेही नुकत्याच सपाट केलेल्या मातीवरून. मी दोघांनाही चांगलेच सुनावले. मग त्यांना आत बसवून वरचा मजकूर वाचून दाखवला आणि राहवेना म्हणून पुन्हा दारात गेले. डॉक्टरांच्या बुटाच्या ठशात, टाचेच्या जागी, एक पंजा उमटला आहे. बोटे तीन. पंजा बुटाच्या ठशावर आहे, म्हणजे आम्ही आत असताना ती येऊन गेली. मला रडू आले. साक्षीदारांनी वाकून खात्री केली.

घर भाचीचे.

सही: (केली)

साक्षीदार:
१. डॉक्टर. बूट माझाच आहे.
२. शेजारचे घड्याळजी. पंजा पाहिला.

ठिकाण: मागचे दार
तारीख: आजचीच. आता पुढे ढकलणे नाही.