हाडं पास, धर्मराज नापास

१४ जानेवारी २००७, रविवार
विहारात हाडं तपासायचं फुकट शिबिर. टाच मशीनमध्ये घातली. रिपोर्ट : हाडं ठिसूळ, ऑस्टिओपोरोसिस. डॉक्टरांनी आठवड्याला एक गोळी लिहून दिली. मी मशीनच्या कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट मागितलं. नव्हतं! अठ्ठावीस वर्षं फॅक्टरीत इन्स्पेक्शनला काढली, आणि मला शिकवतात.

आमच्या हिनं, शीलानंही टाच घातली म्हणे. बायकांना फुकट दिसलं की झालं.

कमिटीचा सेक्रेटरी धर्मराज सगळ्या मांजर्ली वस्तीसमोर म्हणाला, भीमराव, यंदा शिडी नको बाबा, पापडासारखा मोडशील. सगळे हसले. बुद्धपौर्णिमेला विहाराच्या गच्चीवर चढून पंचशील ध्वज लावायचा मान एकोणीस वर्षं माझा आहे. म्हणजे आता हा स्वतः चढणार. डोळा होताच मेल्याचा!

बघून घेईन. गोळीबिळी नाही. सगळं नैसर्गिक. २ मेला शिडीवर मी, आणि खाली शिडी धरायला धर्मराज.

२१ जानेवारी, रविवार, सकाळी ७
प्लॅन : नाचणीची आंबील, तीळ, शेवग्याचा पाला, एक तास ऊन. चहा बंद, तो हाडं खातो.

आज चहा वेळेवर मिळाला नाही. शीला नुसतं पाणी पिऊन अर्धा तास गॅलरीत उभी. का विचारलं तर हातानंच थांबा म्हणाली. रुसलीय. शेवटी दोन कप घेतले. चहा उद्यापासून बंद.

२ फेब्रुवारी
शेवगा आहे धर्मराजच्याच मागच्या दारी. तो दूध आणायला गेला की आकडीची काठी घेऊन जातो. खालच्या फांद्या हाताला येतात, मूर्खानं छाटल्या नाहीत. त्याच्याच पाल्यानं त्याला पाडणार. काय मजा येतेय!

१८ फेब्रुवारी, रविवार
गच्चीवर उघड्या अंगानं ऊन घेतलं. झोप लागली. दोन तास. पाठ सोलली. व्हिटॅमिन डबल.

शीला परत गॅलरीत. दर रविवारी हेच नाटक. हट्टी बाई. चहा पावणेआठला.

११ मार्च
टेस्टिंग सुरू. फॅक्टरीत कास्टिंगवर हातोडी मारून आवाज ऐकायचो. खणखणीत आला तर पास, बद्द आला तर आत तडा. स्टीलच्या चमच्यानं दोन्ही नडग्या वाजवल्या. खणखणीत. वहीत सही केली.

शीला म्हणाली, अहो, गोळी आणा तरी. म्हटलं, तुला यातलं काय कळतंय?

८ एप्रिल
पॅन्टा जमिनीवर लोळतायत. दोन वर्षांपूर्वी बरोब्बर होत्या. उल्हासनगर कॅम्प दोनच्या शिंप्यानं भिकार कापड दिलं, वाढलं. त्यालाही बघून घेईन.

पाठ दुखते. हाडं घट्ट होताना दुखणारच. चमचा : पास.

२२ एप्रिल, रविवार, दुपारी ३
संध्याकाळी कमिटीची मीटिंग. भाषण पाठ केलंय. धर्मराजची जिरवणार. आज त्याचं तोंड बघण्यासारखं होईल!

२४ एप्रिल (डाव्या हातानं)
मीटिंगमध्ये धर्मराज म्हणाला, भीमराव, ऐकून तर घे, कप्पीचं असं आहे की... मी ऐकून घेतो होय? म्हटलं, कप्पी घाल चुलीत, ही बघा हाडं! आणि कडप्प्यावर हात आपटला.

आवाज बद्द आला.

मनगट मोडलं. प्लॅस्टर. डॉक्टर म्हणाले, मणके दबून उंचीही घटलीय, म्हणजे शिंपी सुटला. अंबरनाथला दवाखान्यात धर्मराजनंच नेलं. रिक्षात मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होतो. तो म्हणाला, पाला हवा होता तर मागायचास ना, खालच्या फांद्या तुझ्यासाठीच ठेवल्या होत्या. ह्याचाही हिशेब होईल.

२ मे, बुधवार, बुद्धपौर्णिमा
शिडी नव्हतीच. धर्मराजनं गच्चीवरच्या खांबाला कप्पी बसवून दोरी खाली सोडलीय. जानेवारीतच ठरवलं होतं म्हणे. भीमरावानं खाली उभं राहूनच दोरी ओढायची, मान त्याचाच. तेच सांगत होता मेला, मीटिंगमध्ये.

दोरीला दोन हात लागतात.

मी चरफडत उभा. धर्मराज म्हणाला, मान भीमरावच्या घराबाहेर नको, शीलावहिनी, तुम्ही या. मी ओरडलो, अगं, जपून! ती म्हणाली, ओढते मी, डॉक्टरांना विचारलंय. कोणत्या डॉक्टरांना? शिबिरातल्याच. तिचीही हाडं ठिसूळ निघाली होती. तेव्हापासून दर रविवारी गोळी. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा नाही.

ध्वज झरझर वर गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाजवता येत नव्हत्या.

साडेतीन महिने एका घरात. तिचा रिपोर्ट काय आला, मी विचारलंच नव्हतं.

६ मे, रविवार, सकाळी ६.५०
गोळी घेतली. गॅलरीत शीलाशेजारी उभा आहे, वही कठड्यावर. धर्मराजबद्दल बोलायला लागलो तर तिनं हातानंच थांबा म्हटलं.

७.३०
चहा मी केला. एका हातानं. अर्धा सांडला. उरलेला तिला दिला.