म्हातारीला थंडी वाजत होती

लुवाफू
मंगळवार, ९ जून

लुबोवा,

रात्र कशी गेली? बरी गेली असं धरून चालते. घरचे कसे आहेत? घरात तू एकटाच, म्हणजे बरेच असतील. इकडे मी बरी, केळी बरी, कोंबड्या बऱ्या, शेजारीण आहे तशीच. झालं विचारून. आता कामाचं.

पूर्वी मी तुला नवरोबा म्हणायचे. आपल्याकडची प्रत्येक आजी, प्रत्येक जाजा नातवाला म्हणते, तसंच. तीन वर्षांपूर्वी तू नर्सिंगचं कॉलेज अर्धवट टाकून आलास तेव्हा ती हाक मी बंद केली, आणि आज चालू करायचा विचार नाही. हे पत्र नुसतं तक्रारीचं आहे. फोनवरच झापलं असतं, पण दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलायचा तुझा धंदाच पडला. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

सालोंगोच्या व्हिडिओ हॉलमध्ये मी जाते, हे कोणीतरी तुझ्या कानावर घातलंच असेल. मी तुझा आवाज ऐकायला जात नाही. तिथे सावली असते आणि पुढचा बाक माझ्या कमरेला बरा पडतो. सालोंगो बुधवारी डॉक्टरांची मालिका लावतो आणि शनिवारी आग विझवणाऱ्यांची. ती अमेरिकेतली माणसं जीव तोडून इंग्रजीत बोलत असतात आणि त्याच डिस्कवर तू वरून आपल्या भाषेत सगळं सांगत सुटतोस. कंपालात याला म्हणे व्हीजे म्हणतात. आणि नाव काय घेतलंस, तर मुसिसी! भूकंप! घरात पाल निघाली की पलंगावर चढून माझ्या नावानं ओरडणारा पोरगा तू.

पहिली तक्रार. ती म्हातारी मेट्रन आहे ना, सगळ्यांवर खेकसणारी, तिच्या तोंडी तू माझी वाक्यं घालतोस. "हात धुतलेस का, की नुसते पाण्याला दाखवलेस?" हे वाक्य माझं आहे. परवा तर ती मोठ्या डॉक्टरला म्हणाली, "तुझ्या डोक्यात मेंदू आहे की कालची लापशी?" सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. अमेरिकेतल्या बाईला आपली लापशी कुठून माहीत असणार?

दुसरी. डॉक्टरीण घाईघाईनं एका औषधाचं लांबलचक नाव घेते आणि तू म्हणतोस, "हे काय असतं ते मला विचारू नका, मंडळी, त्या धड्याच्या आधीच मी कॉलेज सोडलं." लोक पोट धरून हसले. मी हसले नाही. थोडी हसले, पण ते खोकला म्हणून खपवलं.

तिसरी तक्रार गंभीर आहे. बोडावाला डुंगू, बसथांब्यावर मोटरसायकलवरून माणसं नेणारा तो. त्यानं तुझ्याकडून शिकून घेतलं की माणूस निपचित पडला की छातीवर धाडधाड दाबायचं. रविवारी म्हातारा काबुये केळ्याची दारू पिऊन आंब्याखाली झोपला होता. डुंगू त्याच्या छातीवर बसून मोठ्यानं आकडे मोजायला लागला. वीसपर्यंत आल्यावर काबुये उठला आणि त्यानं डुंगूच्या अशी थोबाडीत दिली की तो एकवीस म्हणायचं विसरला. डुंगूचं म्हणणं, "बघा, वाचवला की नाही!"

आता आगीचं सांगते. गेल्या महिन्यात सालोंगोच्या बायकोची, नालोंगोची, चूल भडकली आणि स्वयंपाकघराच्या गवती छपरानं पेट घेतला. दुपारची वेळ, हॉल नुकताच सुटलेला. चाळीस माणसं धावत आली आणि एकाच्याही हातात बादली नाही! सगळे कॅप्टन. एक म्हणतो, "मागच्या बाजूनं घुसा!" दुसरा म्हणतो, "वारा बघा, वारा!" डुंगू जमिनीवर पालथा पडून सरपटत दाराकडे निघाला, कारण धूर वर असतो असं तू सांगितलंस म्हणे. दार सताड उघडं होतं, आत कोणी नव्हतं, एक कोंबडी सोडून. ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली आणि डुंगूच्या पाठीवरून चालत गेली. शेवटी नालोंगोनं लग्नासाठी गाळून ठेवलेल्या दारूचा पिवळा डबा मी उचलला आणि दोन हातांनी छपरावर उपडा केला. कच्ची दारू, पाणीच जास्त. आग विझली. लग्नवाले अजून माझ्याशी बोलत नाहीत.

तो डबा उचलताना जांघेत जरासं काही सरकलं. काही विशेष नाही. शेंगदाण्याएवढा गोळा आहे. उभी राहिले की येतो, आडवी झाले की जातो. फार तर लिंबाएवढा. नालोंगोनं आरडाओरडा करून मला टेकडीवरच्या मिशनच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे महिनाभरासाठी एक गोरा डॉक्टर आलाय, दहा जुलैला परत जाणार. त्यानं दाबून बघितलं आणि नर्सला काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, "जाजा, आतडं बाहेर डोकावतंय. अडकलं तर मग दिवसभराचाही वेळ मिळणार नाही. तो आहे तोवर कापून शिवून घ्या."

मी नाही म्हणून आले.

घाबरून नव्हे. मी त्या मालिका नऊ महिने बघतेय, मला नियम पाठ झालाय. तरणी बाई आली, पोटातून सळई आरपार गेलेली असली तरी ती वाचते, केससुद्धा विस्कटत नाहीत. लहान पोर वाचतं. कुत्रा तर हटकून वाचतो. पण म्हातारी आली, गोड हसली, कोवळ्या डॉक्टरणीचा हात धरून "बाळ, वेळेवर लग्न कर" म्हणाली, की समजायचं संपली. तिला तिथे मरायलाच आणलेली असते. मग ती पोरगी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडते आणि चांगली डॉक्टर होते. कोणाला चांगली डॉक्टर करायला मी टेबलावर चढणार नाही. आणि गोड हसायला मला जमतही नाही.

तेव्हा तक्रारी तेवढ्या लक्षात घे. बाकीचं तुला उगाच लिहिलं.

गोळा खरं तर अवाकाडोएवढा आहे. छोट्या अवाकाडोएवढा.

नांबोझे


लुवाफू
मंगळवार, ३० जून

नवरोबा,

तुझं उत्तर मिळालं. पत्र नाही आलं. तू कुठला पत्र लिहायला! बुधवारी सालोंगोनं नवी डिस्क लावली, त्यात मिळालं.

पडद्यावर एक म्हातारी आली. माझ्याच वयाची, फक्त गोरी आणि दात सगळे जागेवर. ती गोड हसली. तिनं डॉक्टरणीचा हात धरला. मी म्हटलं, गेली. टेबलावर घेतली, पोट उघडलं, आणि मशीनवरची डोंगरासारखी रेघ आडवी झाली. तू म्हणालास, "बघा मंडळी, जाजाची तब्येत कशी एका पातळीवर आली!"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. डॉक्टरांनी माना खाली घातल्या. तू म्हणालास, "थकले बिचारे. काम मात्र फक्कड झालं." नर्सनं पांढरी चादर पार डोक्यावरून ओढली. तू म्हणालास, "म्हातारीला थंडी वाजत होती."

मग ती पोरगी बाहेर जाऊन भिंतीला टेकली आणि हमसून हमसून रडायला लागली. "आनंदाश्रू," तू म्हणालास. "जाजा उद्या घरी जाऊन केळी सोलणार."

डुंगू उठून उभा राहिला. "अरे, मेली ती! मुसिसी, डोळे फुटले का तुझे?" कोणीतरी पडद्यावर मक्याचं कणीस फेकलं. आणि तेवढ्यात पडद्यावर काळ्या कपड्यांतली माणसं, पाद्री, फुलं आणि मधोमध चकचकीत पेटी. मला वाटलं, आता हा काय करणार? तू जरा थांबलास. खरंच थांबलास, मला ऐकू आलं. मग म्हणालास, "हे शेजारच्या कोणाचं तरी आहे. जाजा स्वयंपाकाला मागे राहिली, म्हणून दिसत नाही."

तोवर सगळा हॉल पेटला होता. सालोंगो डिस्क काढायला निघाला. मी उठले आणि म्हटलं, "बसा खाली सगळे! मुसिसी म्हणतो ती जिवंत आहे, तर आहे. इंग्रजी त्याला कळतं की तुम्हाला?"

डुंगू म्हणाला, "पण जाजा, ती पेटी..."

"पेटीत भांडी असतील. बस खाली."

बसला. सालोंगोही आपल्या जागेवर परत गेला. घरी गेल्यावर मी आठवड्याभराचे कांदे एकदम चिरून टाकले. डोळ्यांतून पाणी आलं ते कांद्याचं.

एवढा मोठा माणूस, चाळीस जणांच्या शिव्या खाल्ल्यास, आणि अशा किती गावांतल्या किती हॉलमध्ये खाल्ल्या असशील देव जाणे. एका म्हातारीला तू मरू दिलं नाहीस. खोटं बोलायला अक्कल लागते आणि ती तुझ्यात कॉलेज सोडायच्या आधीपासून होती. तेव्हा मी म्हणाले होते, तोंड दाखवू नकोस. ते मी रागात म्हणाले. तू ते इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं. इतर कुठलं सांगितलेलं तू कधी मनावर घेतलंस?

गुरुवारी मी टेकडीवर गेले. एकटीच. गोऱ्या डॉक्टरला म्हटलं, काप बाबा. तो खूष झाला, खुर्ची ओढून समोर बसला आणि बोलायला लागला. हातांनी दाखवत, कागदावर चित्रं काढत, बराच वेळ बोलला. मध्ये एकदा त्याचा चेहरा जरा पडला. एकदा त्यानं माझ्या छातीकडे बोट केलं. सगळं झाल्यावर मी नर्सकडे बघितलं. ती म्हणाली, "जाजा, छोटंसं काम आहे. काळजी करू नका."

मी म्हटलं, "एवढ्या बोलण्यात एवढंच होतं? बाकीचं कुठे सांडलं?"

"बाकीचं डॉक्टरांचं असतं, जाजा."

"पोट माझं आहे ना?"

ती हसून दुसऱ्या पेशंटकडे गेली. वाईट पोरगी नाही. तिच्यामागे रांग असते. पण मला तिथे कळलं की पडद्यावरच्या म्हातारीबद्दल तू काहीही सांग, माझं काही म्हणणं नाही. माझ्याबद्दल मात्र मला सगळं हवंय, वाईट असेल तर वाईटसुद्धा. त्यानं छातीकडे बोट का केलं, हे मला टेबलावर चढायच्या आधी माहीत व्हायला हवं. आणि ते इंग्रजीतून माझ्या भाषेत आणील असा एकच माणूस मला माहीत आहे. दोन वर्षं कॉलेजात बसल्यामुळे निम्मे शब्द त्याला ठाऊकही असतील. निम्मे नसतील, तर ते त्या गोऱ्याला विचार. मला सांगताना "मला विचारू नका" म्हणालास तर चपलेनं मारीन.

मध्ये एखादा विनोद चालेल. एकच.

दुसरं असं, तिथे सोबतीचं माणूस असल्याशिवाय खाट देत नाहीत. चटई, बादली, पातेलं घेऊन यायचं, स्वयंपाक तिथल्या मागच्या अंगणात, आणि पेशंटचं सगळं धुणंपुसणं त्याच माणसानं करायचं. नालोंगो तयार होती. मी नको म्हटलं. ती फार बोलते, आणि डुंगू तर मला माझ्या छातीच्या आसपासही नको. नर्सनं वही काढून विचारलं, "सोबत कोण?" मी तुझं नाव सांगितलं. ती लिहितालिहिता थांबली. "लुबोवा म्हणजे व्हीजे मुसिसी? तो इथे येणार? आमच्या वॉर्डात?" आता सगळ्या हॉस्पिटलला ठाऊक झालंय. बाळंतिणींच्या वॉर्डातसुद्धा. नाही आलास तर माझं काही जात नाही, तुझंच नाव खराब होईल.

ऑपरेशन गुरुवारी, ९ जुलैला सकाळी. तू बुधवारी दुपारीच ये. डॉक्टर संध्याकाळी फेरीवर येतो, तेव्हा त्याला गाठू. मला बुधवारी रात्रीपासून पोट रिकामं ठेवायला सांगितलंय. तुला कोणी सांगितलेलं नाही. केळी वाफवून आणि शेंगदाण्याची आमटी करून ठेवते. समोर बसून पोटभर जेव. तीन वर्षांत किती वाळलास ते मला आवाजावरून कळत नाही.

गुरुवारपर्यंत नक्की तुझी, आणि त्यानंतरही राहायचा विचार असलेली,
जाजा